‘बघत राहा, येईल’

नियुक्तीपत्रावर रुजू होण्याची तारीख एक होती, आणि त्या महिन्याची एक तारीख शनिवारी आली. सकाळी सव्वाआठला नाशिकच्या अंबडमधल्या त्या कारखान्याच्या गेटवर पोहोचले तर आत सामसूम. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये एक वयस्कर काका पेपर वाचत बसले होते. त्यांनी माझं पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, आज शनिवार. आज कंपनी बंद.”

अंबड-सातपूरच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. विजेचा सगळा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून ठिकठिकाणच्या औद्योगिक वसाहतींना वेगवेगळे वार वाटून दिलेले. भोसरी-पिंपरीकडे गुरुवार, इकडे शनिवार. नाशिककराला हे सांगावं लागत नाही. मी साताऱ्याची, आधीची नोकरी चाकणची, लग्नानंतर नुकतीच इंदिरानगरला राहायला आलेली, आणि नवरा बँकेत. परत घरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे आपल्या भाजीवालीलाही माहीत असतं.” खरंच असेल. पण पत्र भाजीवालीने लिहिलं नव्हतं, त्याच कारखान्यातल्या एचआर विभागाने लिहिलं होतं. पगाराचा हिशोब सोपा जावा म्हणून स्टाफच्या सगळ्या पत्रांवर एक तारीख टाकायची पद्धत होती. वार कोणता येतोय हे बघणं कोणाचंच काम नव्हतं.

हे ‘कोणाचंच काम नव्हतं’ पुढे मला त्या कंपनीत इतक्या ठिकाणी भेटलं की शेवटी तेच माझं काम होऊन बसलं.

रविवारी पुन्हा गेले. या वेळी गेट उघडं, पण गेटवरच्या यादीत माझं नाव नाही. एचआरमधून फोन येईपर्यंत मी केबिनबाहेरच्या बाकावर, माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्यांच्या रांगेत. आत गेल्यावर एका मुलीने कागदांचा गठ्ठा पुढे केला. “इथे, इथे आणि इथे.” क्वालिटी पॉलिसी वाचली आणि समजली, सही. अग्निशमनाचं प्रशिक्षण घेतलं, सही. सुरक्षा साधनं मिळाली, सही. साधनं मिळायची होती. मी विचारलं, “हे ट्रेनिंग कधी असतं?” ती अगदी सरळ मनाने म्हणाली, “असतं ना मॅडम. ऑडिटच्या आधी सगळ्यांचं एकदम घेतो.”

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या जागतिक मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत सातव्या प्रकरणात माणसाच्या सक्षमतेबद्दल कलम आहे. काम करणारा ते काम करायला सक्षम आहे याची खात्री करा आणि त्याचा लेखी पुरावा ठेवा, असं ते म्हणतं. आमच्याकडे दुसरा अर्धा भाग चोख होता. ऑडिटर यायचे, फाइल उघडायचे, सह्या बघायचे, चहा घ्यायचे.

त्याच भिंतीवर काचेच्या चौकटीत लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखालच्या समितीची नावं लावलेली होती, कारण ती दर्शनी जागी लावावी लागतात. मी ती लक्षात ठेवली. शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्या बाईला ती लक्षात ठेवावी लागतात. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्या मॅडम केव्हाच नोकरी सोडून गेल्या आहेत, हे पुढे कँटीनमध्ये जेवताना कळलं.

आणि पीएफ. आधीची नोकरी असेल तर नव्या ठिकाणी फॉर्म ११ भरून जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, कळवायचा असतो, म्हणजे खातं तेच पुढे चालतं. मला फॉर्म दिलाच नाही. मी नंबर तोंडी सांगितला, तो कुठल्याशा चिठ्ठीवर गेला आणि माझ्या नावाने नवा यूएएन निघाला. एका माणसाचे दोन नंबर झाले की जुन्यातली रक्कम नव्यात आणण्यासाठी अर्ज, मग जुन्या कंपनीची मंजुरी, मग नावातल्या एका वेलांटीवरून तो अर्ज परत. पाच वर्षांची सलग नोकरी धरली जाते की नाही यावर पैसे काढताना कर लागतो की नाही हे ठरतं, म्हणून दुर्लक्षही करता येत नाही. एक पानाचा फॉर्म पहिल्या दिवशी पुढे सरकवला असता तर हे सगळं टळलं असतं. पहिल्या दिवशी पुढे सरकवलेल्या कागदांत मात्र ‘कंपनीच्या मूल्यांशी मी सहमत आहे’ असाही एक होता.

माझं पद क्वालिटी इंजिनीअर, विभाग इनकमिंग. म्हणजे पुरवठादारांकडून आलेला माल तपासून स्टोअरला सोडायचा. कंपनी इलेक्ट्रिकल पॅनल बनवणारी. नाशिकमध्ये स्विचगिअरचं, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांचं, काम जुनं आणि मोठं, त्यामुळे तांब्याच्या बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या), पत्र्याचे एन्क्लोजर (पॅनलच्या पेट्या), कॉन्टॅक्ट असलं सगळं आसपासच्या छोट्या युनिटमधून यायचं. विभागप्रमुखांना मी येणार आहे हे माहीत होतं, कधी ते नव्हतं. “तुम्ही कोणाच्या जागी?” त्यांनी विचारलं. हे त्यांनी मला विचारावं याची गंमत त्यांच्याही लक्षात आली असावी, कारण ते लगेच खुर्ची शोधायला लागले. सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचे होते, सगळ्यात छोटा आठ नंबर. मी पुढे बराच काळ स्वतःचे विकत घेतलेले वापरले. ईआरपीचा, म्हणजे कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरचा, लॉगिन यायला वेळ लागणार होता. “तोवर त्याचाच आयडी वापरा,” असं सांगून मला सोडून गेलेल्या एका इन्स्पेक्टरचा पासवर्ड दिला गेला. तो माणूस सिन्नरच्या एका कंपनीत नोकरी करत होता आणि इकडे अंबडला त्याच्या नावाने रोज मालाचे लॉट पास होत होते. उद्या एखाद्या पॅनलमध्ये आग लागली आणि कोणी मागे शोधत आलं, तर त्यांना तपासणी करणारा म्हणून तोच सापडला असता.

शिकवायला होते अण्णा. वय निवृत्तीच्या जवळ, मूळचे चोपड्याकडचे, सिडकोत घर. त्यांचा स्वभाव चांगला होता, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. अण्णांचं शिकवणं एका वाक्यात संपायचं: “बघत राहा, येईल.” मी बघत राहायचे. ते ढिगातून एक बसबार उचलायचे, आतल्या वळणावरून अंगठा फिरवायचे, बाजूला ठेवायचे. दुसरी उचलायचे, ती परत ठेवायचे. मी विचारलं, का? “ह्याचं प्लेटिंग बरोबर नाही.” मोजलं नाही ना? “मोजू की. मोजलं तरी तेच निघेल.” आणि तेच निघायचं.

कागदावर पद्धत होती. आयएस २५०० या नमुना तपासणीच्या भारतीय मानकाप्रमाणे पाचशे नगांचा लॉट असेल तर सर्वसाधारण पातळीला पन्नास नग तपासायचे, ड्रॉइंगवरची मापं घ्यायची, प्लेटिंगची जाडी यंत्रावर मोजायची. पण कोणत्या पन्नास नगांत काय शोधायचं हे कागदात नव्हतं. अमुक पुरवठादाराचं पंचिंग उत्तम पण डाय (पंचिंगचा साचा) झिजली की भोकाला कंगोरा येतो. तमुकाचं कथलाचं प्लेटिंग सपाट भागावर भरपूर आणि आतल्या वळणावर पातळ. विजेच्या प्लेटिंगमध्ये कडांवर थर जाड चढतो आणि खोबणीत कमी, हे रसायनशास्त्र, पण कोणाच्या मालात ते किती हे फक्त अण्णांना माहीत. तिसरा वळण जास्त आवळून घेतो, बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडतात, उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत. चौथ्याचा माल सोमवारी आला तर जास्त बघायचा. का, ते अण्णांनाही सांगता आलं नाही, पण सोमवारचा खरंच खराब निघायचा. वीसेक वर्षांची ही सगळी माहिती एका माणसाच्या अंगठ्यात होती.

सुरुवातीला मला वाटलं, अण्णा मुद्दाम सांगत नाहीत. जुनी माणसं हातचं राखून ठेवतात, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. मग एक दिवस मी त्यांच्या टेबलामागे लावलेला तक्ता नीट पाहिला. रोज किती लॉट सोडले, किती बाकी राहिले, दोन रंगांत. महिन्याच्या मीटिंगला हाच तक्ता पडद्यावर यायचा. माझ्यासाठी अर्धा तास थांबून त्यांनी एखादी गोष्ट समजावली की त्या तक्त्यात त्यांचा एक लॉट कमी व्हायचा. स्टोअरवाला दर थोड्या वेळाने दारात येऊन ओरडायचा, “अण्णा, लाइन थांबली.” मला शिकवल्याचा रकाना तक्त्यात नव्हता. कंपनीने अण्णांना ‘हिला तयार करा’ असं तोंडी सांगितलं होतं आणि लेखी मात्र रोज विचारत होती की लॉट किती सोडले. शहाणा माणूस लेखी प्रश्नाचं उत्तर देतो.

नव्या माणसाला वाऱ्यावर सोडलं जातं तेव्हा आपण कारणं शोधतो ती माणसांत. एचआर आळशी, सीनिअर खडूस, नवा मुलगा ढिला. मी तिथे जे पाहिलं त्यात यातलं फार कमी होतं. नव्या माणसाचा पहिला महिना कोणाच्याही दिवसात धरलेला नव्हता. एचआरचं काम सह्या झाल्या की संपत होतं, विभागाचं काम माणूस उपयोगी पडायला लागला की सुरू होत होतं, आणि मधला काळ नवा माणूस स्वतःच्या हिमतीवर काढत होता.

मधल्या काळात काय होतं त्याचा एक नमुना. एन्क्लोजरच्या एका लॉटवर मी होल्डचा, म्हणजे माल रोखून ठेवायचा, पिवळा टॅग लावला, पावडर कोटिंगची जाडी कमी होती म्हणून. दुपारी तोच लॉट लाइनवर. स्टोअरच्या हिशोबाने चूक काहीच नव्हती. त्यांच्याकडे पिवळ्या टॅगवर लाल पेनाने तिरकी रेघ असेल तरच होल्ड. रेघ नसेल तर ‘तपासणी चालू, गरज पडली तर घ्या’. ही पद्धत मालाच्या टंचाईच्या काळात कधीतरी सुरू झालेली. कार्यपद्धतीच्या लेखी फाइलमध्ये तिचा उल्लेख नव्हता. जोडलेली पॅनलं रात्रपाळीत उघडून दरवाजे बदलले. मग मीटिंग. पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारणापर्यंत जायचं, अशी रीत सगळ्या कारखान्यांत आहे. आमची गाडी तिसऱ्या ‘का’ला ‘प्रशिक्षणाचा अभाव’ या स्टेशनवर कायमची थांबायची. उपाय: संबंधितांना प्रशिक्षण दिले. पुरावा: सहीचा कागद. तो कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी सही केली नाही. म्हटलं, आधी ट्रेनिंग द्या. खोलीत जरा शांतता झाली. प्लांट हेड माझ्याकडे बघून म्हणाले, “मग तुम्हीच बनवा ना.”

बोलण्याच्या भरात म्हणाले असावेत. मी ते मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

पण त्याआधी सुरगाण्याचा मुलगा सांगायला हवा, कारण माझं सगळं काम त्याच्यापासून सुरू झालं. आयटीआय फिटर, घरची बोली कोकणा, चुंचाळ्याला तिघांत एक खोली. ट्रेनी लोकांना एक तारखेची वाट न बघता, मिळतील तसे घ्यायचे. हा आला जूनच्या बावीसला. प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनच्या विभागाला, टाकला. कामाला तरतरीत होता. एकदा कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला तेव्हा त्याने विचारलं होतं, मॅडम, प्रेसवर दोन्ही हातांची बटणं दाबायची आहेत तर एकावर चिंधी का बांधलीय? मी जाऊन बघितलं, चिंधी सोडवली, सुपरवायझरशी भांडले. सुपरवायझरच्या मते काम जलद होत होतं. दोन हातांचं बटण असतं तेच मुळी हात डायमध्ये राहू नये म्हणून. या पोराला हे आयटीआयमध्ये शिकवलेलं होतं, आमच्या इथे ते विसरायला लावत होते.

जुलैच्या सात तारखेला सगळ्यांच्या मोबाइलवर पगाराचे मेसेज आले. त्याला आला नाही. त्याने सुपरवायझरला विचारलं. “येईल रे.” पुढच्या आठवड्यात तो कामावर आला नाही, फोन बंद. रजिस्टरला ‘न कळवता गैरहजर’. एचआरचं म्हणणं तयार होतं: सुरगाणा-पेठची पोरं भातलावणीला पळतातच. आणि तो खरोखर गावी गेला होता आणि खरोखर भात लावत होता. त्याच्या गावचा दुसरा एक मुलगा पेंट शॉपला होता, त्याच्याकडून मला उलगडा झाला. आमच्याकडे हजेरी वीस तारखेला बंद व्हायची. एकवीसनंतर आलेल्याचे दिवस पुढच्या महिन्यात धरायचे, म्हणजे जूनच्या बावीसला लागलेल्याला पहिला पैसा ऑगस्टच्या सातला. दीड महिना. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खोलीचं भाडं द्यायचं होतं, मेसच्या काकू तगादा लावत होत्या, आणि त्याची समजूत अशी झाली की कंपनीने त्याचे पैसे बुडवले. वरच्या मजल्यावर एसीत बसलेल्या एचआरला जाऊन विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. गावाकडच्या पोराला साहेबाच्या काचेच्या दारापेक्षा सुरगाण्याची एसटी जवळची वाटते, यात मला नवल वाटत नाही.

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने वेतनकाल संपल्यापासून सात दिवसांच्या आत पगार द्यायचा, असं तेव्हाही स्पष्ट होतं. जूनच्या दिवसांचा पगार ऑगस्टला ही सोय कंपनीची होती. एचआरच्या साहेबांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी पेरोलच्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवलं.

तर ‘तुम्हीच बनवा’ म्हटल्यावर मी आधी स्लाइड केल्या नाहीत. त्या वर्षी लागलेल्या, अजून टिकून असलेल्या सगळ्यांना गाठून एकच विचारलं: पहिल्या महिन्यात तुम्हाला काय माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली? उत्तरं वाचताना काही वेळा हसू आलं, काही वेळा नाही. बायकांचं स्वच्छतागृह कुठे; एकीने पहिला दिवस पाणी न पिता काढला होता. आजारी पडलो तर फोन कोणाला करायचा. कँटीनचे पैसे पगारातून कापतात की रोज द्यायचे. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड नसताना दवाखान्यात घेतील का. ‘साहेब’ कोण आणि ‘सर’ कोण. आणि प्रेस शॉपमधल्या तिघांनी, एकमेकांना न विचारता, जवळजवळ एकच गोष्ट सांगितली: मशीनचा आवाज वेगळा यायला लागला तर बंद करायची आपल्याला परवानगी आहे का, ओरडतील का? मी लागले तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७अ प्रमाणे माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी होती. कायदा इतकं म्हणतो; पोराला मात्र ‘बंद कर, कोणी ओरडणार नाही’ हे त्याच्या सुपरवायझरच्या तोंडून ऐकायचं असतं.

या कामासाठी वाचताना मला १९६६ सालचा एक जुना लेख सापडला, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला, गोमरसॉल आणि मायर्स यांचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सर्किट जोडणाऱ्या नव्या मुलींवर त्यांनी प्रयोग केला. नेहमीची दोन तासांची ओळख झाल्यावर एका गटाला थेट कामावर पाठवलं, दुसऱ्या गटाशी तो उरलेला दिवस नुसत्या गप्पा मारल्या. सांगितलं काय, तर तुम्ही यशस्वी व्हाल याची शक्यता खूप आहे. जुन्या मुली घाबरवतील, ती इथली जुनी खोड आहे, मनावर घेऊ नका. तुमचा सुपरवायझर स्वतःहून बोलणार नाही, तुम्ही विचारा. तो अमुक स्वभावाचा आहे. एवढ्यावर शिकायचा काळ निम्मा झाला, गैरहजेरी निम्मी झाली आणि खराब माल पाचव्या हिश्शावर आला. साठच्या दशकातल्या अमेरिकेतले आकडे अंबडला लावायला मी तयार नाही. पण त्यात एक बारकी गोष्ट आहे ती मला आकड्यांपेक्षा पटली: घाबरलेल्या फक्त नव्या मुली नव्हत्या, सुपरवायझरही होते. आपल्याला येत नाही ते हाताखालच्यांना येतं हे उघड होईल, याची त्यांना धास्ती.

अण्णांची धास्ती वेगळी होती. मी त्यांच्याकडे प्रस्ताव घेऊन गेले: नवीन माणूस आला की पहिले काही आठवडे रोज दोन तास तुम्ही त्याचे, तेवढे लॉट तुमच्या तक्त्यातून कमी. ते हसले. “मला कोणी शिकवलं होतं? मी आलो तेव्हा आमच्या हेडने मला आठवडाभर नुसतं झाडायला लावलं.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि सगळं सांगून मोकळा झालो, की मग अण्णा कशाला पाहिजे कंपनीला?” निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं सल्लागार म्हणून राहायला मिळेल, असं त्यांच्या मनात होतं; धाकट्या मुलीचं लग्न राहिलं होतं. मला त्यावर काही उत्तर नव्हतं. मी ते प्लांट हेडना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी बऱ्याच मोजमापानंतर अण्णांना निवृत्तीनंतरचं एक वर्षाचं करारपत्र लिहून दिलं, शिकवण्याच्या कामासाठी. या सगळ्या प्रकरणात कंपनीने केलेला खरा खर्च हाच, आणि मला विचाराल तर सगळ्यात शहाणा.

त्यानंतर अण्णा सुटले. मी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी कारखान्यांत नव्या कामगारांसाठी तयार झालेली आणि पुढे जपानने उचललेली चार पायऱ्यांची पद्धत त्यांना दाखवली: शिकणाऱ्याला सैल करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर अधूनमधून बघा. त्या पद्धतीत एक वाक्य आहे, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. अण्णांना ते आवडलं नाही. पण त्यांनी स्वतःहून सुचवलेली गोष्ट कुठल्याच पुस्तकात मला दिसली नव्हती. मी चांगल्या मालाचे नमुने भिंतीवर लावत होते. ते म्हणाले, “चांगला पीस बघून काय शिकणार? खराब लावा.” भंगारातून वेचून त्यांनी एक फळी भरली: वळणावर चिरलेली बसबार, पातळ प्लेटिंग, कंगोरे आलेली भोकं, प्रत्येकाखाली मराठीत आणि हिंदीत दोन ओळी, पुरवठादाराचं नाव नाही पण खुणेचं अक्षर आहे. नव्या मुलांना ते डोळे मिटून अंगठा फिरवायला लावतात. माझ्यानंतर आलेल्या मुलीला वळणावरची चीर ओळखायला माझ्या मानाने फारच थोडा काळ लागला.

प्रॉडक्शनच्या साहेबांचा विरोध शेवटपर्यंत राहिला. “दोन तास अण्णा नाही, तर लॉट काय तुम्ही सोडणार?” त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, डिस्पॅच त्यांच्या गळ्याशी असतो. शेवटी ईआरपीमध्ये शिकवण्याच्या तासांना वेगळा कोड मिळाला आणि महिन्याच्या तक्त्यात तिसरा रंग आला. त्या दिवसापासून मीटिंगमध्ये ‘अण्णा कुठे होते’ हा प्रश्न कमी झाला. मार्चमध्ये ऑर्डरी तुंबल्या तेव्हा तो तिसरा रंग महिनाभर दिसलाच नाही, आणि एप्रिलमध्ये मला तो परत भांडून आणावा लागला. दरवर्षी मार्चमध्ये हे होतं.

बाकीच्या दुरुस्त्या सोप्या होत्या. गेटला आदल्या दिवशी नावं जातात. लॉगिन आधी तयार असतो. सोडून गेलेल्याचा आयडी त्याच दिवशी बंद. बुटांची मापं पाचपासून मागवतात. पिवळा टॅग आणि रेघ हा प्रकार बंद करून होल्डसाठी लाल टॅग केला. फॉर्म ११ गठ्ठ्यात सगळ्यात वर. पगाराचा पहिला मेसेज कधी येणार हे रुजू होतानाच एका कागदावर तारीख घालून मराठीत आणि हिंदीत देतात. एकवीसनंतर येणाऱ्याचे दिवस आता त्याच महिन्यात धरतात, कारण सॉफ्टवेअरला ते जमत होतं, कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या पीएफचं प्रकरण मात्र अजून त्या वेलांटीपाशीच आहे.

अडकलंय ते कंत्राटी कामगारांचं. कारखाने अधिनियमातल्या ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही येत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यांत प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आहे. आमच्या कंत्राटदाराने पत्रं छापून घेतली, सह्याही झाल्या. पण त्याचा सुपरवायझर मला म्हणतो, “मॅडम, माझी पोरं आज आहेत, उद्या नाहीत. रोज नवीन पोराला दोन तास शिकवायचं म्हटलं तर मी काम कधी देऊ?” त्याची माणसं रोज का बदलतात, हा प्रश्न मी त्याला विचारला, प्लांट हेडनाही विचारला. अजून दोघंही एकमेकांकडे बघतात. तोवर एवढंच ठरवून घेतलंय की प्रेस शॉपमध्ये फोरमनने समोर उभं राहून दोन हातांचं बटण, गार्ड आणि मशीन बंद करायचा स्विच दाखवून घेतल्याशिवाय कोणाही नव्या माणसाला, कंत्राटी असो की पगारी, प्रेसवर उभं करायचं नाही. फोरमनने सही त्या माणसाकडून नव्हे, स्वतःची करायची. पेंट शॉप आणि पॅकिंगला हे अजून लागू झालेलं नाही. पॅकिंगच्या साहेबांनी पुढच्या महिन्यात बघू म्हटलंय.